मयताला कोण आलं नाही? 'शॉटगन स्टोरीज' आणि भाऊबंदकीचा थरार

बार्शीकडच्या एका तरुणाने विचारलंय. त्याच्या घरात आणि चुलत घरात बांधावरून तीन पिढ्या बोलचाल बंद आहे, आणि त्यावर त्याला सिनेमा करायचाय. पैसे मामा घालणार, पंधरा लाख. गोष्टीची चार पानंही त्याने सोबत पाठवलीत. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने जेफ निकल्सचा 'शॉटगन स्टोरीज' (२००७) पाहिला. त्याचं म्हणणं असं: "अर्धा तास काही घडत नाही, मारामारीही धड दाखवत नाहीत, तरी मी पाणी प्यायला उठलो नाही. हे कशाने होतं? मामा म्हणतात, खून दाखवणार नसशील तर थ्रिलर कसला. त्यांना काय सांगू?"

मी संकलक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांनी शूट केलेलं कापत आलेय, त्यामुळे उत्तरही एडिट टेबलावरचंच असणार. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी इथेच थांबलेलं बरं, मी शेवटासकट सगळं सांगणार आहे.

गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेतली, आर्कान्सा राज्यातली. हेज नावाचा एक माणूस. दारुडा, बायकोला आणि तीन मुलांना टाकून निघून गेलेला. पुढे त्याची दारू सुटली, तो देवाच्या मार्गाला लागला, दुसरं लग्न केलं, चार मुलं झाली, शेतीवाडी झाली. पहिली तीन मुलं त्याच गावात, त्याच रस्त्यांवर, भणंगासारखी वाढली. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो माणूस मेलेला आहे. पडद्यावर त्याचा चेहराही दिसत नाही. पहिल्या घरचा थोरला त्याच्या मयताला जातो, तिथे चार शब्द बोलतो, शवपेटीवर थुंकतो, आणि तिथून सावत्र भावांमधलं वैर पेटत जातं. दोन्हीकडचा एकेक भाऊ मरतो. थोरला डोक्याला मार लागून बेशुद्ध, इस्पितळात. मग उरलेल्यांपैकी एकजण हे थांबवतो.

एवढंच. या गोष्टीत पोलीस तपास नाही, गुपित उलगडणं नाही, पाठलाग नाही. मग थरार कुठून आला?

आपल्याकडे याला शब्द आहे, म्हणून मराठी माणसाला हे समजावणं सोपं जातं. भाऊबंदकी. नुसतं वैर म्हटलं की दोन शत्रू डोळ्यांपुढे येतात. भाऊबंदकी म्हटलं की एकाच आजोबाचं नाक घेऊन फिरणारी दोन माणसं येतात, जी एकमेकांना टाळूही शकत नाहीत. चक्की एक, पार एक, एसटीचा थांबा एक. धोका बाहेरून आत यायची गरजच नसते, तो सकाळी दूध घालायला जाताना समोरून येतो. निकल्सने हेच ओळखलंय. त्याचा जन्म लिटल रॉकचा, १९७८ चा. या भागातली माणसं, रस्ते, ओसऱ्या त्याच्या ओळखीच्या. पहिल्या सिनेमासाठी तो कुठे लांब गेला नाही.

आता जागेबद्दल, कारण मला वाटतं निम्मं काम जागा करते. आर्कान्साचा आग्नेय भाग म्हणजे मिसिसिपीच्या गाळाची सपाट जमीन. कापूस, सोयाबीन, भात. अमेरिकेत सगळ्यात जास्त तांदूळ याच राज्यात पिकतो. शिवाय मत्स्यशेती. लोनोक परगण्यात तर गळाला आमिष म्हणून लावायचे बारके मासे तळ्यांतून वाढवून विकणं हा मोठा धंदा आहे. सिनेमातला थोरला अशाच मत्स्यशेतीवर कामाला आहे. डोंगर नाही, झाडीचा आडोसा नाही. समोरून गाडी येत असेल तर ती आपल्यापर्यंत पोचायच्या खूप आधी दिसायला लागते. धुरळा आधी, मग टप, मग काचेमागचा माणूस.

शहरी थ्रिलरमध्ये धोका कोपऱ्यावरून अचानक येतो आणि आपण दचकतो. इथे तो लांबून दिसतो, हळूहळू मोठा होतो, आणि तो येईपर्यंत करण्यासारखं काही नसतं. दचकण्यापेक्षा हे वाट पाहणं जास्त वेळ टिकतं. छायाचित्रकार अॅडम स्टोन यांनी हा सिनेमा ३५ मिलिमीटर फिल्मवर, अॅनामॉर्फिक भिंगांनी, म्हणजे खूप आडव्या चौकटीत टिपलाय. पैशांची चणचण असताना फिल्मवर शूट करणं हा वेडेपणा वाटेल, पण त्या आडव्या चौकटीमुळेच एका टोकाला ओसरीवर बसलेले भाऊ आणि दुसऱ्या टोकाला रिकामा रस्ता एकाच वेळी दिसतात. डोळा आपोआप रस्त्याकडे जातो. तुम्हाला आज फिल्मची गरज नाही. बार्शीच्या काळ्या रानात तुम्हाला ती चौकट फुकट मिळते. फक्त ड्रोन उडवू नका. ड्रोनने रान दिसतं, पण कोण येतंय त्याची भीती जाते. वरून बघणाऱ्याला कसली भीती?

मग नावं. हा भाग मी कार्यशाळेत दरवेळी सांगते, आणि दरवेळी वर्ग एकदम गप्प होतो.

पहिल्या तीन मुलांची नावं, थोरल्यापासून, आहेत सन, बॉय आणि किड. मराठीत सांगायचं तर पोरगा, पोर आणि बारक्या. ही टोपणनावं नाहीत, हीच नावं. बापाने नाव ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत. दुसऱ्या घरच्या चौघांची नावं क्लीमन, मार्क, स्टीफन आणि जॉन. त्यातली शेवटची तिन्ही बायबलमधली. एका ओळीचा खुलासा न करता बापाचा आधीचा आणि नंतरचा जन्म या सात नावांत बसलाय. फ्लॅशबॅकचे दोन दिवस, लहानपणीच्या भूमिकेसाठी मुलं, दारू पिऊन मारणारा बाप, त्याच्यासाठी नट, विग, जुनी गाडी... सगळा खर्च वाचला.

आपल्याला हे परकं नाही. मी सातारा जिल्ह्यातली. माझ्या वर्गात एक नकोशी होती. चौथी मुलगी म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. हजेरी घेताना बाई ते नाव पटकन उरकायच्या. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींचं जाहीर समारंभात नव्याने बारसं केलं. ती बातमी वाचताना मला ती वर्गातली मुलगी आठवली, आणि हा सिनेमाही. नाव हा पटकथेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खोल संवाद असतो. तुम्ही पाठवलेल्या चार पानांत दोन्ही घरच्या मुलांची नावं अजय, विजय, सुरज, धीरज अशी आहेत. ती कुठल्याही मालिकेत चालतील. तुमच्या आजोबांनी बांध फुटल्यानंतर जन्मलेल्या नातवाचं नाव काय ठेवलं होतं? ते विचारून या.

आता एक प्रसंग जवळून बघू. सिनेमाच्या सुरुवातीचा.

रात्र आहे. तिघं भाऊ सनच्या घरी. दारावर थाप पडते. दारात त्यांची आई उभी. ती आत येत नाही, आणि तिला कुणी आत बोलवतही नाही. ती सांगते की तुमचा बाप गेला. सन विचारतो, माती कधी? ती सांगते, पेपरात बघ. तो विचारतो, तू जाणार का? ती नाही म्हणते. आणि निघून जाते. कुणी रडत नाही, कुणाचा आवाज चढत नाही.

मी हा प्रसंग विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवते. दरवाजाची चौकट दोघांच्या मध्ये आहे आणि ती कुणी ओलांडत नाही, एवढंच बघा म्हणते. मग आवाज लावून पुन्हा. पेपरात बघ, या उत्तराने काय काय सांगितलं ते मोजा. आईचं त्या घराशी बोलणं नाही. मुलांना कुणी निरोप धाडलेला नाही, म्हणजे बापाच्या दुसऱ्या संसारात हे तिघं धरलेलेच नाहीत. आणि आईला याचं दुःख नाही, उलट थोडं समाधानच आहे. बातमी द्यायला ती आली नव्हती, काडी लावायला आली होती. आपल्याला हे लगेच कळत नाही. खूप पुढे, धाकटा गेल्यावर, सन आईच्या दारात जातो आणि तिला सांगतो की त्या पोरांचा द्वेष करायला तूच आम्हाला शिकवलंस. तेव्हा पहिला प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. संकलनात याला मी पेरणी म्हणते. पहिल्या प्रसंगात सगळ्यात मोठा मोह असतो आईच्या चेहऱ्याचा क्लोजअप टाकायचा. टाकला असता तर सगळं तिथेच कळलं असतं आणि पुढे काही उरलं नसतं. स्टीव्हन गोन्झालेस यांनी संकलन करताना अशा ठिकाणी हात आवरलाय.

मग मयताचा प्रसंग. दफनविधी चाललाय, दुसऱ्या घरचे चांगल्या कपड्यांत, त्यांच्या लेखी खरंच एक सज्जन माणूस गेलाय. हे तिघं रोजच्या कपड्यांत मागून येतात. सन बोलायला लागतो. मायकल शॅननने हे इतक्या सपाट आवाजात केलंय की अंगावर येतं. तो ओरडला असता तर आपण म्हणालो असतो, चिडलाय बिचारा, जाऊ दे. तो हिशेब सांगावा तसं सांगतो की तुम्हाला जो माणूस माहीत आहे तो आम्हाला माहीत नाही, आमच्यासाठी तो आम्हाला टाकून गेलेला माणूस. आणि थुंकतो.

इथे मामांनी नीट लक्ष द्यावं. या प्रसंगात कुणी खोटं बोलत नाही. त्या चार मुलांचा बाप चांगला होता, या तिघांचा वाईट होता, आणि माणूस एकच. खलनायक मेलेला आहे, त्याला शिक्षा करता येत नाही. म्हणून राग शेजारच्यावर जातो. पुढच्या प्रत्येक भांडणात आपल्याला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच पोटात गोळा येतो. एक बाजू काळी असती तर आपण तिच्या हरण्याची मजेत वाट पाहिली असती.

आणि हे मयतात घडणं आपल्याला किती जवळचं आहे. आपल्याकडे गावात वैर मोजायची पट्टीच ती. लग्नाला आले नाहीत, चालतं. मयताला आले नाहीत म्हणजे संपलं. सुतक पाळलं का, दहाव्याला कोण होतं, खांदा कुणी दिला, कुणी नुसता लांबून नमस्कार केला, हे वीस वर्षांनंतरही बायका तारखेसकट सांगतात. तुमच्या पानांत चुलत्याचा खून आहे, पण त्याच्या मयताचा प्रसंगच नाही. तुम्ही थेट पोलीस ठाण्यात गेलात. सगळ्यात तापलेली जागा सोडून पुढे निघून गेलात.

या सिनेमात एक शॅम्पू नावाचं पात्र आहे. फुटकळ, गावभर हिंडणारा, इकडची बातमी तिकडे करणारा. या भावांचा कुत्रा साप चावून मरतो आणि त्यामागे दुसऱ्या घरच्याचा हात आहे ही खबर असल्याच तोंडून येते. तो दुष्ट नाही. त्याला फक्त कुणीतरी ऐकून घेतं याची मजा वाटते. आपल्याला १७७३ पासून हे माहीत आहे. नारायणरावाच्या खुनात 'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं यावर इतिहासकार वाद घालोत, पण ध चा मा हा वाक्प्रचार आपण जपून ठेवलाय कारण प्रत्येक गावात तो करणारा एक असतोच. तुमच्या पटकथेत असं पात्र नाही. दोन घरं बोलत नसतील तर बातमी नेतं कोण? पिठाची गिरणीवाला? आशाताई? दोन्हीकडे रतिब घालणारा? हे पात्र सापडलं की तुमच्या मधल्या भागाची अर्धी अडचण सुटेल. ते पडद्यावर आलं की काही न करताही प्रेक्षक सावध होतो.

आता हिंसा. नावात शॉटगन आहे, पण या सिनेमात बंदुकीच्या गोळीने कुणी मरत नाही. गोळी आधीच सुटून गेलेली आहे. सुरुवातीलाच सनची उघडी पाठ दिसते आणि तिच्यावर छर्‍यांचे जुने वण. कुणी काही बोलत नाही. पुढे कामावरचे सोबती आपापसात अंदाज बांधतात, हे कशाने झालं असेल म्हणून. म्हणजे बंदूक आपल्याला दाखवली ती तिच्या खुणेतून. त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणाच्या हातात ती येते तेव्हा तिने काय होतं हे आपण आधीच पाहिलेलं असतं. प्रत्यक्ष हाणामारी होते तीही थोडकी, आणि बरेचसे घाव चौकटीबाहेर पडतात. आपल्याला मिळतं ते आधीचं आणि नंतरचं.

याबाबतीत माझा स्वतःचा एक धडा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक छोटा सिनेमा कापत होते, ऊसपट्ट्यातला. त्यात रात्री दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा खून होतो. दोन रात्री शूटिंग झालं होतं. कृत्रिम रक्ताच्या नळ्या, कोयता, उसातून पळणं, सगळं. निर्मात्याने त्या दोन रात्रींवर इतका खर्च केला होता की पुढे गाण्याला पैसे उरले नाहीत. टेबलावर तो प्रसंग लावला आणि कितीही कापला तरी तो नाटकी दिसे, नाहीतर ओंगळ. तीन आठवडे झटापट. शेवटी रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या कच्च्या चित्रीकरणात, एक शॉट सापडला जो सहायकाने सहज घेतला होता: सरीत पाणी सोडलेलं, सरी भरली, पाणी काठावरून ओघळून शेजारच्या वाफ्यात जायला लागलं. बस. दारं मोडायला माणूस नाही. मागे मोटारीचा आवाज चालूच. मी तो शॉट बावीस सेकंद ठेवला आणि खुनाचा सगळा प्रसंग काढून टाकला. पहिल्या खेळाला मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी अंधारात मोठ्याने म्हटलं, "गेला." निर्माते माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत, पण तो शॉट राहिला.

तर मामांना सांगायचं ते हे: खून दाखवायला पैसे लागतात, आणि एवढे पैसे घालूनही आपल्याकडे तो बरा दिसत नाही. न दाखवलेला खून प्रेक्षक स्वतःच्या खर्चाने बनवतो. फक्त त्याला सामान पुरवावं लागतं. भरून वाहणारी सरी म्हणजे ते सामान. ज्याने कधी दारं धरली नाहीत त्याला तो शॉट कळणार नाही, म्हणून आधी दहाव्या मिनिटाला आम्ही तोच माणूस फावड्याने दारं मोडून पाणी वळवताना दाखवला होता.

प्रश्नात "अर्धा तास काही घडत नाही" असं आहे. घडतं, फक्त ते कथानक वाटत नाही. बॉय व्हॅनमध्ये राहतो आणि त्या व्हॅनमध्ये घरगुती एसी चालवायच्या खटाटोपात आहे. किड थोरल्याच्या अंगणात तंबू ठोकून राहतो, त्याला लग्न करायचंय पण मुलीला कुठे नेणार हा प्रश्न. सनची बायको मुलाला घेऊन निघून गेलीय कारण तो पत्त्यांमध्ये पैसे घालवतो, आणि त्याला मात्र वाटतं आपल्याला पत्ते मोजायची युक्ती सापडलीय. हे सगळं हसू आणतं. तो एसीचा उद्योग बघून मला आमच्या गावातले रेडिओ उघडून बसणारे दोन-तीन उद्योगी आठवले. पण हसता हसता आपण या तिघांकडे काय आहे ते मोजत असतो: एक तंबू, एक व्हॅन, एक मोडलेला संसार. एवढंच गमवायला असलेली माणसं वैर परवडवून घेतात, आणि ते थोडकंही त्यांच्या हातून जाणार हे आपल्याला त्यांच्याआधी कळतं. ही माणसं आवडायला तो अर्धा तास लागतो. तुमचा पहिला कट माझ्याकडे आला आणि कुणी म्हणालं सुरुवात चटपटीत करा, तर मी भांडेन.

तुलनेसाठी अजून एक सिनेमा बघा, डेब्रा ग्रॅनिकचा 'विंटर्स बोन' (२०१०). जागा मिझुरी राज्यातला ओझार्क डोंगराळ भाग. काटेकोर नकाशात तो दक्षिणेत धरायचा की नाही यावर वाद होईल, पण घराणी, अबोला आणि गरिबी तीच. सतरा वर्षांच्या रीचा बाप नशेचं रसायन बनवणारा, जामिनासाठी घर आणि रान तारण ठेवून गायब. तो तारखेला हजर झाला नाही तर घर जाणार. म्हणजे इथे घड्याळ आहे, जे निकल्सकडे नाही. ते घड्याळ बॉम्बचं नाही, कागदाचं आहे. सातबाऱ्यावर बोजा चढलेल्या कुठल्याही घराला ते टिकटिकताना ऐकू येईल.

त्यातला एक क्षण: रीला घराण्याच्या कर्त्या पुरुषाला भेटायचंय. दारात त्याची बाई उभी, मेरब. ती पहिलं विचारते ते हे की तुझ्या घरात हे काम करायला कुणी बाप्या नाही का? आणि रीचा सगळा आधार एवढाच की आपलं थोडं तरी रक्त एक आहे. एकच नातं दार उघडायला वापरलं जातंय आणि बंद करायलाही. डेल डिकीने ती मेरब अशी केलीय की पुढे ती दयाळू होते तेव्हाही भीती कमी होत नाही. हा सिनेमा सुमारे वीस लाख डॉलरमध्ये झाला, अमेरिकेच्या मानाने किरकोळ, आणि त्याला सनडान्स महोत्सवाचं मोठं पारितोषिक मिळून पुढे ऑस्करची चार नामांकनं मिळाली. मामांना हा आकडा सांगायला हरकत नाही, मात्र त्यांना भलत्या आशा लावू नका.

त्या मंडळींनी केलेली एक गोष्ट तुम्ही उद्या करू शकता. कपडे विकत आणून वेशभूषा करण्याऐवजी त्यांनी तिथल्या लोकांना नवे जाडे कोट दिले आणि त्यांचे वापरलेले घेतले. घासलेलं कोपर, खिशाच्या कडेला काळी झालेली शिवण, हे वेशभूषाकाराला जमत नाही. गावात दहा नवे सदरे वाटा आणि दहा जुने उचला. शिवाय रीची धाकटी बहीण म्हणून त्यांनी जिथे शूटिंग केलं तिथलीच मुलगी घेतली. मूळ कादंबरीत रीला दोन्ही धाकटे भाऊच होते, पण ही पोरगी सापडल्यावर त्यांनी पात्र बदललं. पटकथेला चिकटून बसले नाहीत.

आवाजावर मात्र कंजूसपणा करू नका. पंधरा लाखांत कॅमेरा दुय्यम असला तरी चालेल, ध्वनी चांगला हवा, आणि जागेवरचाच हवा. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प करून निदान दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा. ओसरीची शांतता वेगळी, गोठ्याची वेगळी, लाइट गेल्यावरची तर फारच वेगळी. मला अबोला कापायचा असतो तेव्हा हीच शांतता लागते. ती नसेल तर मी तिथे संगीत भरते, आणि संगीत भरलं की प्रेक्षकाला कळतं आता काहीतरी होणार. 'शॉटगन स्टोरीज'मध्ये संगीत आहे, दिग्दर्शकाचा भाऊ बेन निकल्सच्या ल्युसेरो बँडचंही आहे, पण ते मोकळ्या रानावर वाजतं. दारातल्या भांडणांवर ते चढवलेलं नाही.

सगळंच गोड नाही. मला या सिनेमात दोन गोष्टी खुपतात. बायका फार पातळ आहेत. आई म्हणजे नुसती कडवट, बाकीच्या दोघी बहुतेक वेळ दारात किंवा गाडीशी उभ्या राहून पुरुषांना समज देणाऱ्या. ग्रॅनिकचा सिनेमा पाहिल्यावर हे जास्तच जाणवतं. आणि दुसरं, तो सगळा मुलूख कापसाचा, काळ्या लोकांच्या घामावर उभा राहिलेला. त्याच राज्यातल्या, मिसिसिपीच्या गाळपट्ट्यातल्या एलेन गावच्या परिसरात १९१९ मध्ये संघटित होऊ पाहणाऱ्या, वाट्याने शेती कसणाऱ्या काळ्या लोकांची कत्तल झाली होती. सिनेमात मात्र भांडणारी, तोडणारी, जोडणारी माणसं सगळी गोरी. निकल्सने एका घराण्याचीच गोष्ट सांगायची ठरवली, ठीक आहे. पण तुम्ही बांधाची गोष्ट सांगताय. तो बांध घालायला कोण होतं, दोन्ही घरांच्या रानात खुरपायला कोण येतं, आणि या वैरात त्यांची मजुरी कशी बुडते, हे तुमच्या पानांत नाही. तालुक्याला साक्ष द्यायला उभं राहायची वेळ आली की दोन्ही घरं कुणाला पुढे ढकलतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

शेवटाबद्दल. थोरला इस्पितळात, धाकटा मातीत, उरला बॉय. तोच, एसीवाला, मुलांना बास्केटबॉल शिकवणारा, सगळ्यांत घाबरट. तो बंदूक घेऊन दुसऱ्या घरच्यांच्या दारात जातो. आपण दीड तास ज्याची वाट पाहिली ते आता होणार. आणि तो मारत नाही, मिटवायचं म्हणतो. हे पटतं कारण तो सुरुवातीपासून भित्रा आहे, आणि सिनेमाने त्याच्या भित्रेपणाची कधी टिंगल केलेली नाही. थोरल्याने हेच केलं असतं तर ते शहाणपणाचं भाषण झालं असतं. शेवटी भाऊ पुन्हा ओसरीवर बसलेले दिसतात, आणि तिथे एक जागा रिकामी आहे.

तुमच्या चार पानांत शेवटी गावसभा भरते आणि सरपंच दोन्ही घरांना समजावतात. सरपंचांना काढा. तिसऱ्या पानावर एक म्हातारी आत्या येते, दोन्ही घरच्या भावांना राखी बांधणारी, एका घरातून दुसऱ्या घरात जाताना चपला हातात घेणारी. तुम्ही तिला दीड ओळ दिलीय, आणि ती दीड ओळच मला आठवतेय. ती चपला हातात का घेते हे मला माहीत नाही, तुम्हीही लिहिलेलं नाही. पुढच्या खर्ड्यात खून काढून त्या जागी तिचं हे चालत जाणं लिहा, या दारापासून त्या दारापर्यंत, एकही संवाद न घालता, आणि मग मला पाठवा.